बारा डिस्क आणि वैद्यबुवांची रजा

"या डिस्कना साधी शिंक आली ना, तरी मला कळेल!"

शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता वैद्यबुवांनी ग्रंथालयाच्या वाचनदालनात उभं राहून छातीठोकपणे हे जाहीर केलं. ऐकायला तिघं जण होते. देवघेवीच्या खिडकीवरच्या ताई, मुख्य ग्रंथपाल बाई आणि शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. मास्तर रोज दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर असत, म्हणून ताई त्यांना लवकरच आत घेत, आणि ते रहस्यकथा घेतल्याशिवाय हलत नसत.

वैद्यबुवा म्हणजे काही औषधपाणी करणारे गृहस्थ नव्हेत. ते ग्रंथालयाचा डेटाबेस सांभाळत. शहरातल्या अठरा शाखांतलं कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे, कोणी नेलंय, कधी परत येणार आहे, ही सगळी माहिती दालनाला लागून असलेल्या छोट्या खोलीत, एका लोखंडी कपाटातल्या बारा डिस्कवर साठवलेली होती. बुवा रोज सकाळी त्या कपाटाला कान लावून घरघर ऐकत. कुठली डिस्क किती भरली, किती तापली, काही मागितलं तर द्यायला किती वेळ लावते, हे वहीत टिपून ठेवत. चौथी जरा नाजूक, नववी चिवट, अकरावीला उन्हाळा सोसत नाही, असं ते इतक्या मायेनं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं घरच्याच माणसांविषयी चाललंय. त्यावरून त्यांना हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही.

आता घरच्या माणसांचं म्हणाल, तर तिथे जरा वेगळा प्रकार होता. बुवांच्या मुलीनं शाळेत 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'माझे बाबा ऑफिसात राहतात आणि कधी कधी आमच्या घरी येतात.' गुरुजींनी त्याला दहापैकी नऊ गुण दिले, एक शुद्धलेखनाचा कापला.

पोरीची चूक नव्हती. नऊ वर्षांत बुवांनी तीनदा रजा घेतली आणि तिन्ही वेळा त्यांना अर्ध्यातून परत फिरावं लागलं. पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर पोहोचून पहिला फोटो काढायच्या आत फोन आला, डेटाबेस ढिम्म! दुसऱ्यांदा मेहुण्याच्या घरी घास तोंडाशी होता. तिसऱ्यांदा तर ते बसच्या पायरीवर होते, एक पाय आत, एक बाहेर. बायको आणि मुलगी पुढे गेल्या. तिथल्या सगळ्या फोटोंत दोघींच्या मधे बुवांची बॅग उभी केलेली आहे.

या खेपेला बायकोनं आवाज न चढवता सांगितलं होतं, आणि आवाज न चढवता सांगितलं की बुवांची पाचावर धारण बसायची.

"शुक्रवारी संध्याकाळी सहाची बस आहे. समुद्रावर दहा दिवस. पोरगी आठ वर्षांची झाली, तिला तुझ्याबरोबर समुद्र बघायचाय. या वेळी तू परत फिरलास तर मी तिला काही समजावणार नाही. तूच समजाव."

बुवांना रजा हवी होती, मनापासून हवी होती. पण बाई अर्जावर सही करेनात.

"तुमच्या मागे त्या कपाटाकडे कोण बघणार?" बाईंनी विचारलं होतं.

"यंत्रच बघेल, बाई! मी अशी व्यवस्था करतो की माझी गरजच उरणार नाही."

"मग शुक्रवारी दिवसभर ती चालवून दाखवा. दिवस शांततेत गेला, तर पाच वाजता सही. नाही गेला, तर रजा नाही."

झालं! आठवडाभर खपून बुवांनी आपला प्रोग्रॅम लिहिला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'पहारेकरी'. साधं काम होतं. दर मिनिटाला पहारेकरी प्रत्येक डिस्कला उठवणार, तिच्याकडून एक भलीमोठी फाइल लिहून घेणार, लगेच वाचून घेणार आणि किती वेळ लागला ते मोजणार. वेळ कमी लागला तर दालनातल्या मोठ्या पडद्यावर त्या डिस्कचा दिवा हिरवा. जास्त लागला तर दिवा लाल, आणि ग्रंथालयातल्या सगळ्या संगणकांवर एक नाजूक घंटा: टुण! शिवाय बुवांनी डोकं लढवून एक खास सोय केली होती. डिस्क लाल झाली, की पहारेकरी तिला दुप्पट वेळा तपासणार.

"पेशंट आजारी पडला तर त्याला जास्त वेळा तपासायला नको का?" त्यांनी ताईंना विचारलं होतं.

"तपासायला हवाच," ताई म्हणाल्या. डिस्कमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आजारपणातलं कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी, ग्रंथालय बंद झाल्यावर, बुवांनी पहारेकरी चालवून बघितला. बाराही दिवे हिरवेगार! त्या हिरवळीकडे बघूनच त्यांना समुद्राचा वारा लागला.

तर शुक्रवारी सव्वानऊला ही घोषणा झाली. बाईंनी पडद्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. साडेनऊला दार उघडलं आणि वाचक आत आले. पुढे सुट्टीचे दोन दिवस असल्यामुळे शुक्रवारी नेहमीच गर्दी उसळायची. अठरा शाखांतून पुस्तकं जाऊ लागली, येऊ लागली. डिस्क बिचाऱ्या कामाला लागल्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी 'शांतता राखा' या पाटीखाली पहिला आवाज झाला.

टुण!

सगळ्या माना वर झाल्या. पडद्यावर चार नंबरचा दिवा लाल होता.

"चार नंबरला काय झालं हो?" ड्रिलमास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज मुळातच मैदानावरचा.

"काही नाही, जरा नाजूक आहे ती," बुवा म्हणाले. "पहारेकरी बघतोय तिच्याकडे."

पहारेकरी बघतच होता. आता तो चार नंबरला दर अर्ध्या मिनिटाला उठवत होता. चार नंबर आणखी मंदावली. तिच्या वाटचं काम शेजारच्या पाच नंबरवर जाऊ लागलं. पाच नंबर मंदावली. टुण! मग दोघींचं काम सहावीवर. टुण!

बुवांचा चेहरा उतरला, पण मेंदू तरतरीत होता. त्यांनी निदान केलं: उष्णता! कपाट तापलंय! ताईंच्या टेबलावरचा पंखा त्यांनी उचलला आणि कपाटासमोर लावला.

"अहो, माझा पंखा!"

"ताई, पेशंट सीरियस आहे!"

पुढच्या अर्ध्या तासात आठव्या आणि अकराव्या डिस्कनंही हाय खाल्ली. बुवांनी संदर्भ विभागातला पंखा आणला. मग बालविभागातले दोन. शेवटी धाडस करून ते बाईंच्या खोलीत गेले आणि बाई फोनवर बोलत असताना त्यांच्या डोक्यामागचा उभा पंखा, "दोनच मिनिटं, बाई" म्हणत, हलक्या पावलानं बाहेर घेऊन आले. छोट्या खोलीत पाच पंखे मावेनात, म्हणून तिचं दार सताड उघडं ठेवलं. कपाट थंडगार पडलं. दिवे मात्र लालच!

इकडे दालनात वेगळीच मजा सुरू झाली होती. वाचकांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली होती आणि सगळे पडद्याकडे तोंड करून बसले होते. घंटा वाजली की खुर्च्या सरकत.

"गेली! सातवी गेली!"

"मी म्हटलं होतं ना, सातवी टिकायची नाही!"

"नववी बघा पण! काय झुंज देतेय पोरगी!"

"नववी, हिंमत सोडू नकोस!" ड्रिलमास्तर उभे राहून ओरडले, आणि त्यांना कोणीही 'शूऽ' म्हटलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्या दालनात इतका जिवंतपणा आला नव्हता. दोन आजीबाई तर स्वेटर विणता विणता दहावी आणि बारावीच्या बाजूनं कडकडून भांडत होत्या.

ताईंच्या खिडकीसमोर मात्र रांग दारापर्यंत गेली होती. एक पुस्तक नोंदवायला संगणक चार मिनिटं घेऊ लागला, मग सहा, मग त्यानं नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवायला सुरुवात केली. ताई जुन्या खोडाच्या होत्या. त्यांनी संगणक बाजूला सारला, कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि पेन उघडलं. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, तारीख. एकावर एक चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाढू लागला आणि रांग सरकू लागली. काम करणाऱ्या माणसाची ही शानच वेगळी!

दुपारी पावणेचार वाजता बुवांचा फोन वाजला. बायको.

"बॅगा भरून झाल्या. तुझे चार शर्ट घेतलेत. निघतोयस ना वेळेवर?"

"म्हणजे काय! अगदी वेळेवर!"

टुण! टुण! टुण!

"हा कसला आवाज?"

"तो… तो बाहेर आइस्क्रीमवाला आलाय. घंटा वाजवतोय."

"तीन तीन आइस्क्रीमवाले?" बायकोनं विचारलं. "अरे, तू परत फिरायच्या तयारीत नाहीस ना?"

"छे गं!" बुवा म्हणाले. त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.

आता शेवटचा उपाय. बुवांनी मनाशी विचार केला, की रोग नीट सापडत नाही याचा अर्थ तपासणी कमी पडतेय. मिनिटाला एकदा, दोनदा नाडी बघून असल्या आजाराचा थांग कसा लागणार? त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहारेकऱ्याला हुकूम दिला: आता दर सेकंदाला तपास! सगळ्यांना! आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेव, डेटाबेसमध्येच, म्हणजे पुढे अभ्यासाला बरं.

दहा सेकंदांत बाराही दिवे लाल झाले. नववी सगळ्यात शेवटी पडली. दालनातून एक मोठा उसासा निघाला आणि ड्रिलमास्तरांनी टोपी काढली. घंटा तर आता वेगवेगळी ऐकूच येईना. टुणटुणटुणटुणटुण! अठराही शाखांतून फोन येऊ लागले, की तुमच्याकडे आग वगैरे लागली आहे का?

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, अजून थंड! अजून वारा! त्यांनी पाचही पंखे एकदम 'तीन'वर केले.

दार सताड उघडं होतं. दाराच्या बरोबर समोर ताईंची खिडकी होती. आणि खिडकीत, सकाळपासून लिहिलेल्या दोनशे चाळीस चिठ्ठ्या होत्या.

त्या एकदमच उठल्या. आधी छताकडे गेल्या, तिथे एक गिरकी घेतली, आणि मग कपाटांवर, खुर्च्यांवर, आजीबाईंच्या लोकरीत, ड्रिलमास्तरांच्या टोपीत, दारातून बाहेर रस्त्यावर, जिकडेतिकडे झाल्या.

"माझ्या चिठ्ठ्याऽऽ!" ताईंनी किंकाळी फोडली.

"सगळे जण… पळाऽ!" ड्रिलमास्तरांनी आज्ञा सोडली. त्यांना बहुधा निवृत्तीपासून याच क्षणाची प्रतीक्षा होती. "उंच माणसं कपाटांकडे! आजीबाई, तुम्ही टेबलाखाली! बाकीचे रस्त्यावर, दोन रांगांत!"

आणि पळाले की सगळे! नाकासमोर बघून वाचणारे लोक टेबलांवर चढले. इतिहासाचे प्राध्यापक भूगोलाच्या कपाटावर सापडले. रस्त्यावरच्या पोस्टमननं सायकल टाकून सहा चिठ्ठ्या पकडून आणल्या. एक आजीबाई टेबलाखालून ओरडल्या, "चौतीस मिळाल्या! तिला किती मिळाल्या ते विचारा!"

सव्वाचार वाजता मुख्य ग्रंथपाल बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पंख्याविना त्या घामानं चिंब झाल्या होत्या. कपाटावर प्राध्यापक, टेबलाखाली आजीबाई, पडद्यावर बारा लाल दिवे आणि वर अखंड घंटानाद!

"वैद्यबुवा," बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"साथ आहे, बाई!" बुवा कसेबसे म्हणाले. "बाराच्या बारा आजारी पडल्यात, एकाच दिवशी! असं मी कधीच पाहिलं नाही. मला… मला थांबायला हवं. मी रजा मागे घेतो."

पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला निरोप लिहायला घेतला. 'तु' एवढंच लिहिलं, तर फोननं पुढचं वाक्य आपणहून सुचवलं: 'तुम्ही दोघी पुढे व्हा.' नऊ वर्षांत फोनलाही पाठ झालं होतं! पाठवायच्या बटणावर बुवांचा अंगठा नुसताच टेकून राहिला.

"ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी ती घंटा बंद करा. वाचनालय आहे हे!"

घंटा पहारेकऱ्याच्याच पोटात होती. ती बंद करायची तर पहारेकरी थांबवायला हवा. बुवांनी जड हातानं त्याला थांबवलं. दालनात इतकी शांतता झाली की पंख्यांचा आवाज ऐकू आला.

दोन मिनिटं गेली.

"अहो, चाललं!" ताई ओरडल्या. "माझा संगणक चालला! हे बघा, पटापटा! सकाळी पण एवढा पळत नव्हता!"

"बऱ्या झाल्या?" बुवांचे डोळे लकाकले. "आपोआप? थांबा, खात्री करून घेतो!"

त्यांनी पहारेकरी पुन्हा सुरू केला. टुणटुणटुणटुण! बारा लाल. ताईंचा संगणक ठप्प.

"बंद करा!" बाई म्हणाल्या. बुवांनी बंद केला. संगणक पळू लागला.

"एकदा परत," बुवा पुटपुटले. टुणटुणटुण! बंद. चालू. टुणटुणटुण! बंद. सगळं दालन आळीपाळीनं पडद्याकडे आणि ताईंकडे बघत होतं.

शेवटी ड्रिलमास्तरांनी घसा खाकरला.

"बुवा, एक विचारू? तो तुमचा पहारेकरी डिस्कची तब्येत बघायला नक्की करतो काय?"

"प्रत्येकीकडून मोठी फाइल लिहून घेतो, वाचून घेतो आणि वेळ मोजतो."

"आणि दमली असं दिसलं, की?"

"की दुप्पट वेळा."

"आणि मघाशी?"

"मघाशी… दर सेकंदाला."

"म्हणजे पोराला मैदानाला फेरी मारायला लावायची. धाप लागली की म्हणायचं, धाप का लागली, पळ आणखी दोन फेऱ्या! पडला की म्हणायचं, दहा फेऱ्या! आणि वर पंखा घालायचा!" मास्तरांनी मान हलवली. "चाळीस वर्षं पोरं पळवली मी, पण एवढा कडक नव्हतो हो."

दालनात आधी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. कपाटावरचे प्राध्यापक हसले, पोस्टमन हसला, ताई डोळे पुसत हसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बुवांना मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाई हसल्या नाहीत. त्या कसला तरी विचार करत होत्या.

"वैद्यबुवा, मागच्या तीन रजा. तिन्ही वेळा तुम्ही गेल्यावर एका दिवसाच्या आत डेटाबेस अडकला. जाण्यापूर्वी तुम्ही या डिस्कना काही केलं होतं?"

"मी? काही नाही, बाई! उलट काळजीच घेतली होती. माझ्या मागे काही बिघडू नये म्हणून बाराही डिस्कची पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सखोल तपासणी लावून गेलो होतो. तीन दिवस चालते ती."

"आणि तुम्ही परत आल्यावर काय करायचात?"

"आल्या आल्या तपासणी थांबवायचो. कामाच्या मधे नको म्हणून…"

डोंगरमाथा, मेहुण्याचं जेवण, बसची पायरी, सगळं एकदम बुवांच्या डोळ्यांपुढून गेलं. नऊ वर्षं, तीन रजा, बॅगेबरोबरचे ते फोटो! आणि बिघडवणारा कोण, तर ते स्वतःच!

"अर्ज आणा," बाई म्हणाल्या.

बुवांनी खाली मान घालून अर्ज पुढे केला. बाईंनी 'दहा दिवस' यावर काट मारली, वर 'वीस' लिहिलं आणि खाली सही ठोकली. बुवांचा जीव भांड्यात पडला. चांगल्या कामाची शेवटी कदर होतेच, असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी सहीवरचा शेरा वाचला: 'कार्यालयाच्या हितासाठी रजा मंजूर. जाताना कशालाही हात लावू नये.'

सहाची बस बुवांनी पाच मिनिटं आधी गाठली. दोन्ही पाय आत, आणि बस सुटेपर्यंत आतच! मुलीनं त्यांचा हात असा घट्ट धरला होता, की समुद्र दिसेपर्यंत सोडला नाही. बायकोनं अर्ज मागून घेतला, शेरा वाचला, आणि दोन गावं जाईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती. "घरी हा फ्रेम करून लावायचा," एवढंच ती म्हणाली.

फोटो भरपूर निघाले. सगळ्यांत बुवा आहेत, बॅग कुठेही नाही. पोरगी लाटांत उड्या मारायची, बुवा तिच्याबरोबर किंचाळायचे. मोठी माणसंही इतकी किंचाळू शकतात, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

फक्त एकच बारीक सल होता. फोन वाजत नव्हता. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी बुवांना राहवेना. बायको आणि मुलगी वाळूत रमल्या असं बघून ते जरा बाजूला गेले आणि हळूच ग्रंथालयात फोन लावला.

"ताई, मी बोलतोय. काही अडचण नाही ना? चार नंबर? नववी? संकोच करू नका हं, मी येऊ शकतो!"

"अहो, सगळं झक्कास चाललंय!" ताई म्हणाल्या. "एवढं कधीच चाललं नव्हतं. थांबा हं, बाई काहीतरी विचारतायत."

बुवांनी श्वास रोखला. शेवटी आठवण झालीच!

"बाई विचारतायत," ताई म्हणाल्या, "वीस दिवस पुरतील ना?"